टॅक्सचे हप्ते ‘बंद करून देणाऱ्या’पासून सावध राहा

अमेरिकेत २००८ मध्ये पहिलं घर घेतलेल्यांना माहीत आहे, तेव्हा ७,५०० डॉलरपर्यंत टॅक्स क्रेडिट मिळालं, पण ते खरं तर बिनव्याजी कर्ज होतं. २०१०च्या रिटर्नपासून वर्षाला ५००, असे १५ हप्ते. २००९ मध्ये घर घेणाऱ्यांना मात्र ८,०००पर्यंत मिळाले आणि तीन वर्षं त्याच घरात राहिलं की परतफेड माफ. आमचं क्लोजिंग, म्हणजे घर नावावर होणं, डिसेंबर २००८चं. थोडक्यात हुकलं, याचा सल आजही आहे. टॅक्स रिटर्न भरून देणाऱ्या एका माणसाने बरोबर तिथेच बोट ठेवलं.

मंडळाच्या गणपतीत ओळख झालेली. घरी येऊन चहा पिऊन गेलेला माणूस. जानेवारी २०२४ मध्ये म्हणाला, “दादा, तुमच्यावर अन्याय झालाय. २०२०, २१, २२ची रिटर्न्स अमेंड करू. १,५०० परत येतील, उरलेले दोन हप्तेही भरायला नकोत.” रिफंडसाठी तीन वर्षांत रिटर्न अमेंड, म्हणजे दुरुस्त, करता येतं हे खरंच आहे, म्हणून कोणालाही पटलं असतं. प्रत्येक रिटर्नचे २००, असे ६०० डॉलर आधी ‘झेल’ने (बँक खात्यातून थेट पैसे पाठवायची सोय) घेतले. रिफंड आल्यावर त्याचे २० टक्के, म्हणजे आणखी ३००.

सहीसाठी कागद आले तेव्हा माझ्या सहीखालची प्रिपेअररची, म्हणजे रिटर्न भरून देणाऱ्याची, जागा कोरी होती. ना सही, ना पीटिन (प्रिपेअररचा नोंदणी) नंबर. बदलाच्या कारणात नुसतं ‘करेक्शन’. मी विचारलंही! “अमेंडमेंटला लागत नाही,” म्हणाला. या क्रेडिटच्या परतफेडीचा फॉर्म ५४०५ मागितला, तर “तो सिस्टममधून आपोआप जातो.” ती कोरी चौकट अजून डोळ्यांपुढून जात नाही. पण दिवसभर नोकरी करणाऱ्याने टॅक्सचा प्रत्येक फॉर्म पाठ करायचा का? त्यासाठीच तर पैसे मोजले होते ना?

टॅक्स खात्याची नोटीस आली तेव्हा कळलं, ५४०५वर त्याने खूण केली होती की घर परक्या माणसाला विकलं आणि त्यात फायदा झाला नाही, म्हणजे परतफेड नको. ती नोटीस मी त्याच घराच्या स्वयंपाकघरात उभा राहून वाचली. १,५०० परत, ३०० दंड, ८७ व्याज. एकूण १,८८७. त्याला दिलेले ९०० वेगळेच.

आणि आपली व्यवस्था! टॅक्स खात्याच्या हेल्पलाइनवर तासन्‌तास संगीत ऐकायचं, मग फोन कट. लागला तर प्रत्येक वेळी नवा माणूस, पहिल्यापासून कहाणी सांगायची. पत्राला उत्तर काय, तर आणखी ६० दिवस थांबा. व्याज मात्र थांबत नाही. पोलीस म्हणाले, हा दिवाणी मामला. शेवटी एक बाई म्हणाल्या, “सही तुमची आहे, जबाबदारी तुमची.” सही न करणारा तो मोकळा, आणि सही करणारा मी गुन्हेगार? पैसे त्याच्या खात्यात गेल्याचा पुरावा समोर ठेवला, कोणी बघायला तयार नाही.

रिफंडच्या टक्क्यांवर फी मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. स्वतःची सही करत नाही त्याच्याकडून एक ओळही भरून घेऊ नका. पूर्ण रिटर्न, सगळ्या फॉर्मांसकट, हातात आल्याशिवाय सही नाही. मराठी बोलतो म्हणून तर अजिबात नाही. २००८चं क्रेडिट २००९चं होत नाही, कोणी काहीही सांगो.

ज्यांनी त्याच्याकडून काम करून घेतलंय, त्यांनी आजच आपल्या ५४०५ची प्रत मागवा आणि घर विकल्याची खूण आहे का ते पाहा. असेल तर नोटिशीची वाट न पाहता रिटर्न दुरुस्त करा आणि फॉर्म १४१५७ भरून त्याची तक्रार करा. माझी गेली आहे.