नवी पदवी, तालुक्याच्या महाविद्यालयातून पाहिलेली

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नुसार आखलेला पदवी अभ्यासक्रम महाराष्ट्रातील स्वायत्त महाविद्यालयांत 2023-24 मध्ये आणि संलग्न महाविद्यालयांत 2024-25 पासून लागू झाला. तालुक्याच्या ठिकाणी शिकवणारा प्राध्यापक म्हणून माझे मत असे आहे की, हा आराखडा विचारपूर्वक केलेला असला, तरी त्यातले विषयनिवडीचे स्वातंत्र्य लहान महाविद्यालयातील विद्यार्थ्यांच्या वाट्याला अजून आलेले नाही.

वर्षाला 40 ते 44 श्रेयांक (क्रेडिट) मिळवायचे आणि ते ‘श्रेयांक बँके’त, म्हणजे वेगवेगळ्या संस्थांत मिळवलेले श्रेयांक साठवणाऱ्या विद्यार्थ्याच्या डिजिटल खात्यात, जमा राहायचे, ही सोय खरोखर चांगली आहे. लग्नामुळे किंवा घरच्या अडचणीमुळे दुसऱ्या वर्षानंतर शिक्षण थांबलेल्या मुलीला 4 जादा श्रेयांक पूर्ण करून पदविका घेता येते आणि पुढे परतही येता येते.

खरी अडचण ओपन इलेक्टिव्हची, म्हणजे मुक्त निवडीच्या विषयाची आहे. हा विषय मेजरच्या, म्हणजे मुख्य विषयाच्या, विद्याशाखेबाहेरचाच असावा, असा नियम आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने थोडे विज्ञान शिकावे, हे मला मनापासून पटते आणि तिन्ही विद्याशाखा असलेल्या महाविद्यालयात ते सहज साधते. परंतु जिथे केवळ कला शाखा आहे, तिथे विज्ञान किंवा वाणिज्य शिकवणार कोण? ज्या प्राध्यापकाचा कार्यभार कमी पडतो, त्याच्याकडे तो पेपर सोपवला जातो, कागदावरच्या बास्केटमध्ये, म्हणजे निवडीच्या यादीत, कितीही विषय असले तरी वेळापत्रकात एकच उरतो आणि प्रवेशाच्या वेळी सर्वांना तोच भरायला सांगितले जाते. तासिका तत्त्वावर नेमलेले शिक्षक निम्मे सत्र उलटल्यावर रुजू होतात, तेव्हा मेजरचे तासही बुडतात. हे विद्यार्थ्यांवर अन्यायकारक आहे, असे मी स्पष्टपणे नोंदवतो.

तिसऱ्या वर्षातील कार्यप्रशिक्षणासाठी पतसंस्था, ग्रामपंचायत, साखर कारखाना एवढीच ठिकाणे आसपास असतात. तिथे काम शिकवणारा माणूस मिळाला तर उपयोग होतो, एरवी केवळ प्रमाणपत्र हाती येते.

पुढील प्रवेशांपूर्वी प्रत्येक महाविद्यालयाने प्रत्यक्ष शिकवले जाणारे विषय, ते शिकवणाऱ्या शिक्षकाच्या पात्रतेसह जाहीर करावेत, आणि जो विषय आपल्याकडे नाही, तो शेजारच्या महाविद्यालयात शिकण्याची व्यवस्था विद्यापीठाने करून द्यावी. श्रेयांक बँक त्यासाठीच आहे.