नालीचं पाणी : हवेची टाकी की बिनहवेची?

वरूड-मोर्शीकडच्या लय गावात नालीचं पाणी सरळ नाल्यात जाते, ते पाहून जीव तुटते, म्हणून ते टाकीत जिवाणूंकडून साफ कराच्या दोन तऱ्हांबद्दल लिहितो भाऊ.

हवेच्या टाकीत ब्लोअरनं, म्हणजे हवा फुंकणाऱ्या यंत्रानं, ऑक्सिजन सोडतात, लिटरमागे साधारण २ मिलिग्रॅम विरघळलेला ठेवा लागते, मग जिवाणू पिठूळ, तेलकट मोठे रेणू एन्झाइमनं, म्हणजे आपल्या पाचक रसानं, बाहेरच तोडतात, तुकडे आत ओढतात न् त्याचं कार्बन डायऑक्साइड न् पाणी करतात, पण सगळ्याचं नाही, जवळपास अर्धा माल त्यांच्याच नव्या पेशी बनतो, म्हणजे गाळ, तो काढतच राहा लागते. काम मात्र काही तासात, न् वास कमी.

बिनहवेच्या टाकीत ऑक्सिजनबिगर जगणारे जिवाणू काम करतात, गाळ फार थोडा, वरून मिथेन भेटते गोबरगॅससारखा, विजेचा खर्च जवळपास नाहीच. ३५ अंशाच्या आसपास ते जोमात चालते, हिवाळ्यात मंदावते. पण पाणी अर्धवटच साफ होते, अमोनिया तसाच राहते.

माझं म्हणाल तर जिथं लाइटचा भरवसा नाही तिथं निव्वळ ब्लोअरवर राहू नका, तो बंद पडला की ऑक्सिजन लवकरच संपते. आधी बिनहवेची टाकी, मग उथळ तळं, तिथं शेवाळ उन्हात फुकट ऑक्सिजन देते. अन् संत्र्याला देण्याआधी पाणी तपासा, रोगजंतू दोन्हीतून उरतात.