परसातल्या झाडीसाठी घडीचे दहापट भिंग

बालाघाटाच्या डोंगररांगेतल्या अंबाजोगाईसारख्या गावात घरामागे थोडी जागा मोकळी राहिली, तर तिथे बोर, आपटा, सीताफळ, एरंड आणि कुंपणालगत रुई अशी झाडी मुद्दाम लावावी लागत नाही. आमच्या परसातल्या अशाच झाडीतले किडे आणि पाने-फुले न्याहाळण्यासाठी मी घडीचे दहापट भिंग घेतले. धातूच्या झाकणातून फिरवून बाहेर काढायचे, तीन काचा एकमेकींना चिकटवून केलेले हे भिंग छत्रपती संभाजीनगरात शाळा-महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांना साहित्य पुरवणाऱ्या एका दुकानात साडेसहाशे रुपयांना मिळाले. तीन काचांमुळे दृश्याच्या कडेला रंगीत झालर दिसत नाही आणि कडेच्या रेषाही वाकत नाहीत.

बाजारात दीडशे-दोनशे रुपयांना ‘३० पट’ असा शिक्का मारलेली भिंगे सर्रास विकली जातात आणि त्यांतले एक माझ्याकडेही आहे. हा शिक्का घरच्या घरी तपासता येतो. खोलीत खिडकीसमोर कोरा कागद धरून भिंग मागे-पुढे करत बाहेरच्या झाडाची उलटी प्रतिमा त्यावर स्पष्ट उमटवावी आणि काच व कागद यांमधले अंतर मोजावे. २५० मिलिमीटरला त्या अंतराने भागले की भिंग किती पट मोठे दाखवते ते साधारणपणे कळते. दहापट भिंगासाठी हे अंतर २५ मिलिमीटर यायला हवे आणि तीसपट भिंगासाठी जेमतेम ८. माझ्याकडच्या त्या स्वस्त भिंगाची प्रतिमा तीन सेंटिमीटरांवर उमटली, म्हणजे ते आठपटीच्या आसपासचेच आहे. नव्या भिंगाची प्रतिमा मात्र अडीच सेंटिमीटरांवर उमटली.

भिंग वापरण्याची रीत नीट समजून घेतली नाही, तर चांगले भिंगही वाया जाते. ते पानाजवळ धरून दुरून डोकावण्याऐवजी डोळ्याला जवळजवळ टेकवावे, भिंगाच्या हाताचा अंगठा गालावर स्थिर ठेवावा आणि मग पान डोळ्याकडे आणावे किंवा आपणच झाडाकडे वाकावे. चष्मा काढण्याची गरज पडत नाही, फक्त दृश्याचा घेर थोडा कमी होतो. किडे पाहायचे असतील तर सकाळचा गारवा सोडू नये, कारण ऊन चढले की ते चपळ होतात आणि आपली सावली पडताच उडून जातात.

या भिंगाने मला सर्वांत मोठा आनंद दिला तो लिंबाच्या कोवळ्या पानाने. लिंबू, कढीपत्ता आणि बेल यांची पाने उजेडाकडे धरून भिंगातून पाहिली, तर तिन्हींमध्ये सारखेच पारदर्शक ठिपके विखुरलेले दिसतात. त्या सुगंधी तेलाच्या पिशव्या आहेत आणि ही तिन्ही झाडे एकाच कुळातली आहेत. लिंबावर येणारे काळे-पिवळे फुलपाखरूही हे नाते पाळते, कारण त्याच्या अळ्या या तिन्ही झाडांवर वाढतात. त्याचे अंडे फिकट पिवळे आणि गुळगुळीत असते, तर रुईच्या पानावर नारिंगी फुलपाखराने घातलेल्या अंड्यावर उभ्या कंगोऱ्यांची रांग असते. नुसत्या डोळ्यांना दोन्ही केवळ ठिपके वाटतात. लिंबावरची लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते आणि तिला किंचित डिवचले, तर डोक्यामागून नारिंगी रंगाचा दुहेरी शिंगासारखा अवयव बाहेर काढून उग्र वास सोडते. हा अवयव आत-बाहेर होताना भिंगातून एकदा तरी पाहावा.

एरंडाच्या पानाच्या देठावर बारीक उंचवटे असतात, त्यांतून गोड रस पाझरतो आणि मुंग्या तिथे येऊन तो चाटताना स्पष्ट दिसतात. टाकळ्याच्या पानावरही खालच्या पर्णिकांच्या जोड्यांमध्ये अशाच रसाच्या ग्रंथी सापडतात. उन्हाळ्यात सीताफळाचे मांसल पाकळ्यांचे फूल किंचित उघडले की आत बारीक भुंगेरे शिरलेले आढळतात. फुलाची मादी अवस्था आधी येते आणि नर अवस्था नंतर, त्यामुळे परागकण एका फुलातून दुसऱ्या फुलात पोहोचवण्याचे काम या भुंगेऱ्यांवर येते. पहिल्या पावसानंतर जमिनीवर फिरणाऱ्या मखमली मृगाच्या किड्याला आठ पाय असतात, हेही भिंगातून सहज मोजता येते. म्हणजे तो कोळ्यांच्या गटातला.

वीसपट भिंगही मी वापरून पाहिले, पण परसातल्या कामाला ते सोयीचे नाही. त्याला वस्तू सव्वा सेंटिमीटरवर आणावी लागते, दृश्याचा घेर अरुंद होतो, उजेड कमी पडतो आणि जिवंत किडा तोपर्यंत निघून जातो. कपाशीवरचे फुलकिडे किंवा मावा ओळखण्यासाठीही दहापट पुरते.

दोन उणिवा आहेत. झाकणाची खिळी सैल झाली की भिंग वापरताना आपोआप मिटते, म्हणून घेतानाच ती तपासावी. आणि सोबत गोफ येत नसल्यामुळे गवतात पडलेले भिंग शोधत बसावे लागते, तेव्हा ते जाड दोऱ्यात ओवून गळ्यात अडकवणे उत्तम. मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात काचेवर धुळीचा थर बसतो. तो सदऱ्याच्या टोकाने घासल्यास ओरखडे पडतात, तेव्हा आधी फुंकर घालावी आणि मगच मऊ सुती कापड फिरवावे. भिंगातून सूर्याकडे कधीही पाहू नये आणि वापर झाल्यावर ते झाकणात बंद करूनच ठेवावे, कारण वैशाखाच्या उन्हात वाळल्या गवतावर उघडे राहिलेले भिंग आग लावू शकते.