माल्टाचं ‘फेथ’: साचा झकास, गोंद बेकार

जळगावातून सी ग्लॅडिएटर या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या प्रतिकृतीचं १:७२ प्रमाणातलं जोडायचं किट घेतलं. ११ जून १९४० ला इटलीची विमानं भूमध्य समुद्रातल्या माल्टावर हल्ल्याला आली, तेव्हा बेटाकडे लढाऊ म्हणून हीच दुपंखी होती. ‘फेथ, होप, चॅरिटी’ अशी तीनच, ही मात्र दंतकथा. विमानं तिनापेक्षा जास्त होती, नावंही मागाहून पडली. खोक्यावर तीनच छापलीत. चालायचंच, त्याशिवाय खपणार कसं?

इंजिनाचे नऊही सिलिंडर सुटे दिसतात, शेपटीखाली जहाजावर उतरायचा आकडाही आहे. पण पंखांमधल्या काड्या बसवताना जीव मेटाकुटीला येतो. त्यात आपलं मे महिन्याचं ऊन! सोबतचा गोंद नळीच्या तोंडाशीच सुकतो. दुसरा आणा, पहाटे बसा, पंखा बंद ठेवा. लहान पोरांना देऊ नका.