कडक बर्फासाठी म्हणून घेतलेली टेलिमार्क स्की आणि माझी झालेली फसवणूक

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत माझा टॉवेल विणण्याचा लहानसा यंत्रमाग कारखाना आहे. बर्फाशी माझी ओळख झाली ती वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, गुलमर्गला स्कीचे प्रशिक्षण घेताना. तेथेच एका परदेशी पाहुण्याला गुडघा वाकवून, टाच उचलून वळताना मी पाहिले आणि त्या पद्धतीने मन वेधून घेतले. टेलिमार्क म्हणतात ती हीच. यात बुटाचा फक्त पुढचा भाग स्कीला बांधलेला असतो, टाच मोकळी राहते, आणि वळताना बाहेरचा पाय पुढे सरकवून आतला पाय मागे घेतला जातो. दोन हिवाळे मिळेल त्या उसन्या साहित्यावर ही पद्धत शिकल्यानंतर गेल्या वर्षी मी स्वतःची जोडी घ्यायचे ठरवले, आणि त्या व्यवहारात माझे ४६,००० रुपये गेले. माझ्यासारखे मैदानी मुलखात राहून दूरवरून असे साहित्य मागवणारे मराठी लोक आता वाढत आहेत, म्हणून घडलेले सर्व येथे सविस्तर लिहीत आहे.

मला जायचे होते उत्तराखंडातील औलीला. तेथील उतार यंत्राने दाबून सपाट केलेले असतात, दुपारच्या उन्हाने पृष्ठभाग थोडा वितळतो, रात्री तो गोठतो आणि सकाळी पायाखाली काचेसारखा कडक थर मिळतो. उत्तरेकडील एका शहरात वापरलेले परदेशी साहित्य विकणाऱ्या व्यापाऱ्याची जाहिरात पाहून मी फोन केला, तेव्हा हीच गरज त्याला पहिल्याच संभाषणात स्पष्ट सांगितली होती. त्याने माझे वजन विचारले, उंची विचारली, बुटाचे माप विचारले. नॉर्वेतील टेलिमार्क प्रांतातले मोर्गेडाल गाव आणि तेथे १८२५ मध्ये जन्मलेला सोंद्रे नोरहाइम यांच्याविषयी तो आपुलकीने बोलला. ती सारी माहिती खरी होती, आणि तिच्यामुळेच माझा त्याच्यावर विश्वास बसला. विषयाचा इतिहास जाणणारा माणूस मालाविषयी खोटे बोलणार नाही, असे मी गृहीत धरले.

त्याचे म्हणणे असे होते की जोडीची कंबर, म्हणजे बुटाखालचा सर्वांत अरुंद भाग, ८० मिलिमीटर आहे, मध्यभागी पूर्ण कमान आहे, कडा नुकत्याच धारदार केल्या आहेत आणि वर एनटीएन पद्धतीचे बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला जखडणारी जोडणी, बसवले आहे. रोटेफेला या नॉर्वेजियन कंपनीने २००७ मध्ये बाजारात आणलेली ही पद्धत, बुटाचे ७५ मिलिमीटर रुंद चपटे टोक धरणाऱ्या जुन्या पद्धतीपेक्षा, बूट आडव्या दिशेने अधिक घट्ट धरते, म्हणून कडक बर्फावर कड रोवायला ती उपयोगी पडते. बूटही तोच देणार होता. अर्धे पैसे आगाऊ आणि उरलेले पार्सलची पावती दाखवल्यावर, असे ठरले. बिल खोक्यात ठेवतो, असे तो म्हणाला. खोक्यात बिल नव्हते.

खोके उघडले तेव्हा दोन्ही स्कींच्या वरच्या बाजूला, जेथे कंपनी मापे छापते नेमके तेथे, रुंद रंगीत पट्टी चिकटवलेली दिसली. बाइंडिंग आणि बूट दोन्ही जुन्या ७५ मिलिमीटर पद्धतीचे होते. आमच्या कारखान्यातील वयस्कर जॉबरने माझ्या सांगण्यावरून कंबरेला व्हर्नियर कॅलिपर, म्हणजे रुंदी मोजायचे साधन, लावला आणि म्हणाला, “मालक, हे एकशे आठ भरतंय.” मी लगेच फोन केला. व्यापारी अजिबात गडबडला नाही. रुंद टायरची पकड जशी जास्त असते तशीच रुंद स्कीचीही असते, ऐंशीपेक्षा चांगली वस्तू त्याच किमतीत पाठवली आहे, असे त्याने समजावले. मला ते पटले, आणि माझी खरी चूक झाली ती येथे.

हे स्पष्टीकरण का चुकीचे आहे, ते प्रत्येक खरेदीदाराने समजून घ्यावे. भुसभुशीत, खोल बर्फात स्की थोडी बुडते, तेव्हा रुंदीमुळे ती वर तरंगते आणि तेथे रुंद स्की खरोखरच चांगली. कडक बर्फात मात्र काहीच बुडत नाही. वळताना स्की कलते आणि सारा भार पोलादी कडेच्या एका अरुंद रेषेवर येतो. कंबर जितकी रुंद, तितकी ती कड पायाच्या मध्यरेषेपासून दूर जाते, आणि तिला बर्फात धरून ठेवण्यासाठी घोट्याला आणि गुडघ्याला तितका अधिक जोर लावावा लागतो. टेलिमार्कमध्ये हा दोष अधिकच जाणवतो, कारण भार दोन्ही पायांवर वाटलेला असतो आणि मागच्या पायाची टाच उचललेली असल्याने तेथील स्कीवर दाब फक्त चवड्यातून पोहोचतो. म्हणून दाबलेल्या कडक उतारांसाठी साधारण ७५ ते ८५ मिलिमीटर कंबरेची, मध्ये नीट कमान असलेली आणि पिळल्यास सहज न वळणारी जोडी पाहतात.

कमान पाहणे तर घरीही जमते. दोन्ही स्कींचे तळ एकमेकांना लावून धरले की टोकांजवळ त्या टेकतात आणि मध्ये फट दिसते. हाताने दाबली की ती फट मिटते आणि सोडली की परत येते. उभ्या राहिलेल्या माणसाचा भार याच कमानीमुळे कडेच्या पूर्ण लांबीवर पसरतो. माझ्या जोडीत मध्ये फट नव्हतीच. कडेवर नखाची मागची बाजू हलके ओढली तर धारदार कड नखाचा पांढरा कीस काढते. माझ्या कडांवरून नख नुसते घसरत होते, आणि बुटाखालच्या भागात तर वारंवार घासून पोलाद इतके झिजले होते की पुन्हा धार लावायला फारसे काही उरलेच नव्हते. बाइंडिंगच्या मागे बुजवलेली जुन्या स्क्रूंची भोके दोन ओळींत स्पष्ट दिसत होती. हे सर्व मला सोलापुरातच दिसले होते, तरीही तिकिटे काढलेली होती आणि व्यापाऱ्याचे बोलणे कानात होते.

कर्नाटक एक्स्प्रेसने दिल्ली आणि पुढे औलीपर्यंत मी ती लांबलचक पिशवी वाहून नेली. पहिल्या सकाळी दुसऱ्याच वळणावर मागची स्की आडवी घसरली, मी कुशीवर आपटलो आणि डावे मनगट सुजले. मदतीला आलेल्या प्रशिक्षकाने स्की हातात घेऊन टोकाकडून एक नजर टाकली आणि ही जोडी गुलमर्गच्या वरच्या उतारांवरील ताज्या बर्फाची आहे, येथे ती चालणार नाही, असे सांगितले. त्या संध्याकाळी कोमट पाण्याने ती पट्टी सोडवली. खाली टोक, कंबर आणि शेपटी यांच्या रुंदीचे १३९, १०८ आणि १२८ असे तीन आकडे स्वच्छ छापलेले होते. पट्टी कशासाठी लावली होती याविषयी त्यानंतर शंका उरली नाही.

परत आल्यावर व्यापाऱ्याने दोनदा उत्तर दिले, नंतर माझा क्रमांक अडवला. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन केल्यावर पुढचा मार्ग समजला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडेही तक्रार करता येते, म्हणून विक्रेता हजारभर किलोमीटर दूर असला तरी मला सोलापूर सोडावे लागले नाही. पाच लाखांपर्यंतच्या रकमेसाठी शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. बिल नसल्याने माझी बाजू यूपीआयच्या नोंदी, पार्सलची पावती आणि लेखी संदेशांवर उभी आहे. “कंबर ८० मिलिमीटर” हे शब्द त्याने लिहून पाठवले होते, हे त्यातल्या त्यात बरे झाले. फोनवर दिलेल्या बाकीच्या आश्वासनांचा माझ्याकडे काहीही पुरावा नाही. पैसे देण्यापूर्वी कॅलिपर लावलेले छायाचित्र, तळाला तळ लावून बाजूने घेतलेले छायाचित्र आणि बाइंडिंगखालचा भाग, एवढ्या तीन गोष्टी मागितल्या असत्या तर त्याला त्या देता आल्या नसत्या.

तक्रार दाखल झाली आहे आणि नोटीस गेली आहे. मला दाखवलेल्या अरुंद जोडीची छायाचित्रे त्या जाहिरातीत अजूनही आहेत: निळा रंग, डाव्या स्कीच्या टोकाजवळ तिरपा पांढरा ओरखडा, मागे हिरवी भिंत. तीच जोडी कोणाला कडक बर्फासाठी म्हणून दाखवली जात असेल, तर त्यांनी एक पैसाही पाठवण्याआधी कॅलिपर लावलेले छायाचित्र मागावे.