पिठ्या ढेकूण घालवतो म्हणाला आणि 7,950 रुपये घेऊन गेला

गच्चीत कुंड्या असणाऱ्यांनी हे वाचाच. सोसायट्यांच्या ग्रुपवर ‘झाडांचा डॉक्टर घरी येईल’ असे मेसेज फिरताहेत. आमच्याकडे आलेल्याने तपासणीचे 500 घेतले, ‘शंभर टक्के जैविक’ औषधाच्या तीन बाटल्यांचे 1,450 प्रमाणे 4,350, फवारणीचे 900, आणि नंतर ‘कीड मुळापर्यंत गेलीय’ म्हणून आणखी 2,200.

जास्वंदीच्या शेंड्यांवर पांढरा पिठ्या ढेकूण, पानं चिकट, त्यावर काळी बुरशी, मुंग्यांची रांग. त्याने मोबाइलला भिंग लावून वळवळणारी पिल्लं दाखवली. सासूबाईंनी लावलेलं झाड डोळ्यांदेखत सुकत असताना कोण घासाघीस करत बसेल?

बाटली माझ्या हातात होती हो! नोंदणी क्रमांक नाही, बॅच नंबर नाही, मुदतीची तारीख नाही. औषध किती विषारी ते दाखवणारा लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा चौकोनही नाही. मी विचारलंसुद्धा. ‘मॅडम, जैविकला ते लागत नाही.’ धादांत खोटं! 1968 च्या कीटकनाशक कायद्याखाली निंबोळीच्या कीटकनाशकालाही नोंदणी लागते आणि व्हर्टिसिलियम लेकॅनी या किडी मारणाऱ्या बुरशीपासून केलेल्या औषधालाही. पण हे घरात झाडं लावणाऱ्या बाईला कोण सांगतं? तो इतक्या ठामपणे बोलला की पुढचा प्रश्न तोंडातच राहिला. त्याच वाक्याला त्याला जिन्याखाली उतरवायला हवं होतं. आठवलं की अजून अंगाचा तिळपापड होतो.

पानं करपली, कळ्या गळल्या, पिठ्या ढेकूण जिथल्या तिथे. त्याचा फोन बंद.

कृषी कार्यालयात पहिला प्रश्न, ‘सातबारा आहे का? कुंड्यांचं आम्ही बघत नाही.’ मग पावती पाहून, ‘यावर वनस्पती टॉनिक लिहिलंय, कीटकनाशक कुठंय?’ वर बाटली फोडलेली, म्हणून नमुना घेणार नाहीत. म्हणजे फवारण्याआधीच मला कळायला हवं होतं की मी फसणार आहे? पोलीस चौकीत ‘रक्कम किरकोळ आहे, ग्राहक आयोगात जा.’ आयोगात ‘विक्रेत्याचा पत्ता आणा.’ पत्ता असता तर मीच त्याच्या दारात उभी राहिले नसते का? प्रत्येक टेबलावर दुसऱ्या टेबलाचं नाव सांगतात, आणि तो माणूस मोकळा.

पावतीवर ‘टॉनिक’ लिहिलं तर पैसे देऊ नका. एक बाटली सीलबंद ठेवा. किडलेले शेंडे कापून पिशवीत बांधून टाका, उरलेल्यावर पाण्याचा जोरदार फवारा मारा. मग लिटरभर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल आणि थोडा साबण घालून संध्याकाळी फवारा, पानांच्या खालूनही. मुंग्या आधी हटवा, त्याच या किडीला सांभाळतात.

परवा शेजारच्या सोसायटीच्या ग्रुपवर तोच मेसेज आला. नंबर नवीन, बाटलीचा फोटो तोच.