बारावी गणिताची टेस्ट सिरीज, लातूर: पेपर खरंच वाचून तपासतात

लातुरात क्लास काय गल्लोगल्ली आहेत, पण मला बघायचं होतं की पोरीचा पेपर तपासतंय कोण अन् कसं. इथं बोर्डासारखाच ८० मार्कांचा, ३ तासांचा पेपर अन् स्टेपला मार्क. परवा ४ मार्कांचं इंटिग्रेशन होतं, तिचं सब्स्टिट्यूशन बरोबर, मधी एक मायनस सुटला अन् उत्तर चुकलं, आधीच्या क्लासात असल्याला सरळ भोपळा मिळायचा. इथं ३ दिले, मायनस सुटला तिथंच लाल गोल केला अन् त्याच चुकीसाठी पुढच्या स्टेपला परत मार्क कापले नाहीत, हे मला लय पटलं. इंटिग्रेशनच्या उत्तराला शेवटी जोडायचा प्लस सी (म्हणजे स्थिरांक) विसरली की अर्धा मार्क जातो, अन् तो जायलाच पाहिजे. वेगळ्या रीतीनं सोडवलेलं बरोबर असलं तर पूर्ण मार्क. एका सरांनी तपासलेले काही पेपर दुसरे सर परत बघतात, बोर्डात मॉडरेटर बघतात तसं.

तक्रार एकच, पेपर हातात यायला १५ दिवस लागतात, तवर पोरगी आपण काय लिहिलं तेच विसरून जाती. हे सुधरा राव. पुढच्या वर्षी पुतण्याला पण इथंच लावणार.